‘आ’ म्हणताना

पहाटे साडेपाच. डिसेंबरात मुकुटबनला या वेळी काळोख असतो आणि गारठाही. जाग आली तरी मी लगेच उठत नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवते, ते तिथंच ठेवून तोंड हळू उघडते, हळू मिटते. सहा वेळा. उजव्या कानाच्या पुढ्यात ‘टक्’ होतं. त्या आवाजाची भीती आता गेली. आवाजाबरोबर कळ आली, तर मात्र पुढचा दिवस जपून काढावा लागतो. मग हनुवटी सरळ मागे घ्यायची, डोकं उशीत अलगद दाबायचं, दहा मोजायचे. मान उजवीकडे, मग डावीकडे. ओढ लागेल तिथं क्षणभर थांबायचं, झटका द्यायचा नाही. शेवटी मधली तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघते. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं मावायला हवीत. आज मावली. थंडीतल्या काही सकाळी दोनच मावतात.

दहा-बारा मिनिटांचं काम. चुकवलं, तर संध्याकाळी कळतं.

सहा वाजता सासूबाई चुलीवर पाणी ठेवतात. त्यातलं भांडंभर माझं. गरम पाण्यात पंचा पिळून आधी मानेवर, मग गालांवर. भाकरी मी पूर्वी खाली बसून, परातीवर वाकून थापायची. आता परात ओट्यावर असते आणि मी उभी. सध्या तुरीला शेंगा भरल्यात, त्यामुळे घरात सोल्यांची भाजी आहे आणि ती मला चालते. ज्वारीची भाकर मात्र वरणात बुडवून मऊ झाल्याशिवाय तोंडात घालत नाही. चार-पाच घास चावले की जबडा भरून येतो, दिवसभर कापूस वेचल्यावर बोटं भरून यावीत तसा. याला मी माझा नाजूकपणा समजत होते. मग कळलं, की स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठातल्या लोकांनी हेच तपासलं होतं. मानेला हिसका बसलेल्या माणसांना त्यांनी पाच मिनिटं च्युइंगगम चघळायला दिलं. धडधाकट माणसांना काही वाटलं नाही. हिसका बसलेल्यांपैकी बहुतेकांचा जबडा थकला, दुखला. काहींना मध्येच थांबावं लागलं. हे २००४ साली छापून आलं. मला ते वाचून रडू आलं होतं, कारण तोवर माझ्या जबड्याला दुखायचं काही कारण आहे, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

कारण सांगते. डिसेंबर २०२२, वणीहून येणारी काळीपिवळी. मी पुढच्या बाकावर, मागे बसलेल्या बाईशी बोलायला मान वळवून बसलेली. पाठ टेकायला खांद्यापर्यंतच आधार, डोक्यामागे काहीच नाही. पुढे बैलगाडी आडवी आली म्हणून आमची गाडी थांबली आणि मागून येणारा ट्रक टेकला. ‘टेकला’ असंच सगळे म्हणाले. मागचा पत्रा थोडा चेपला, कुणाचं रक्त निघालं नाही, कुणी पडलं नाही. मी घरी येऊन स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी उशीवरून डोकं उचलायला दोन्ही हात लावावे लागले.

आपल्याकडे बैल हाकणाऱ्यांना आसूड कळतो. हात थोडासाच हलतो आणि टोकाला फटका बसतो. हेरॉल्ड क्रो या अमेरिकी अस्थितज्ज्ञाने १९२८ साली मानेच्या या दुखापतीला आसुडाच्या फटक्याचंच नाव दिलं. मागून धडक बसली की बाक पाठीला पुढे ढकलतो, पण साडेचार-पाच किलोंचं डोकं जागीच राहू पाहतं. सेकंदाच्या दहाव्या भागात मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी होते, खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे. मणक्यांच्या मागच्या अंगाचे छोटे सांधे त्यात चेमटतात, त्यांची आवरणं ताणली जातात. मान वळलेली असताना धडक बसली, तर इजा अधिक, आणि माझी वळलेलीच होती. एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. ‘हाड शाबूत आहे,’ असं मला सांगितलं आणि ते खरंच होतं. १९९५ साली क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने या दुखण्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. हाड मोडणं किंवा सरकणं ही चौथी. माझी दुसरी: मान दुखते, दाबलं की ठणकते, पूर्ण वळत नाही. फोटोत न दिसणाऱ्या दुखण्यालाही वैद्यकात पायरी आहे, हे मला पहिल्या आठवड्यात कुणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मला मानेचा पट्टा दिला गेला आणि मी तो अडीच महिने, झोपतानाही, काढला नाही. मान लाकडासारखी झाली. मोडतोड नसेल, तर मान सोसेल तितकी लवकर हलती ठेवावी, असं आज जवळपास सगळे सांगतात.

नऊ वाजता स्कूटी काढते. वणीकडचा कोळसा, मुकुटबनचं सिमेंट आणि आता कापूस, सगळं याच रस्त्यांवरून जातं. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंना मोठे आरसे आहेत, कारण मागे बघायचं तर मला अख्खं अंग वळवावं लागतं आणि चालत्या गाडीवर ते जमत नाही. फाट्यावर मी उतरते, गाडीसकट फिरून दोन्हीकडे बघते, मग निघते. मागच्यांना उशीर होतो. होऊ द्या.

गाव सोडताना कधी आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू येते. या दुखण्याची पहिली मोठी नोंद रेल्वेचीच आहे. जॉन एरिक एरिकसेन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८६६ साली रेल्वे अपघातांतून वरवर धड बाहेर पडलेल्या आणि पुढे महिनोन् महिने दुखत राहिलेल्या माणसांवर पुस्तक लिहिलं. रेल्वे कंपन्यांचे वकील तेव्हा म्हणत, की ही माणसं भरपाईसाठी कण्हतात. दीडशे वर्षांनंतरही संशय तोच आहे. १९९६ साली लिथुआनियातला एक अभ्यास आला: कौनास शहराच्या पोलीस नोंदींतून मागून धडक बसलेले २०२ जण शोधले, एक ते तीन वर्षांनी विचारलं, आणि त्यांचं दुखणं इतर लोकांपेक्षा जास्त निघालं नाही. तिथं भरपाईची फारशी पद्धत नव्हती, म्हणून पुष्कळांनी अर्थ काढला, की पैशाच्या आशेनेच मान दुखत राहते. मी यावर खूप विचार केलाय. त्या २०२ जणांत बायका फक्त ४५ होत्या, ही एक गोष्ट. दुसरी, आमच्या काळीपिवळीत आम्ही अकरा जण होतो आणि भरपाई मागता येते, हे एकालाही ठाऊक नव्हतं. तरी माझी मान दुखते. मात्र ‘आता हे कधीच बरं होणार नाही’ असं पक्कं धरून बसलेल्या माणसाचं दुखणं लांबतं, हेही अभ्यासांत दिसलंय, आणि ते मी स्वतःवर अनुभवलंय. अडीच महिने पट्टा बांधून मी तेच धरून बसले होते.

साडेदहा. शिबल्याच्या बाजूचा एक कोलाम पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, आणि तिथली माझी शाळा. एक खोली, व्हरांडा, हातपंप, पळसाची झाडं. केंद्राच्या यादीत महाराष्ट्रातले तीन आदिम गट आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. माझी पहिलीतली मुलं घरात कोलामी बोलतात; ती द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. म्हणून मला प्रत्येक अक्षर तोंडाने करून दाखवावं लागतं. ओठ कसे, जीभ कुठे, तोंड किती. या कामाला जबडा लागतो आणि माझा जबडा मोजून वापरावा लागतो.

आज ‘आ’. मी फळ्यावर आंबा काढला आणि तोंड उघडून दाखवलं. समोरच्या तेरा तोंडांनी ‘आऽ’ केलं, आणि तेरा डोकी किंचित मागे गेली. दरवर्षी जातात. आधी माझं लक्ष नव्हतं. आता मी तेवढंच बघते. तोंड उघडताना हनुवटी खाली जाते आणि त्याच क्षणी डोकं मागे झुकतं, हे आपण शिकत नाही, करतोच. उमिओच्याच संशोधकांनी ते मोजून दाखवलं. जबडा उघडणं म्हणजे कानापुढचा सांधा आणि मानेचे वरचे सांधे मिळून केलेलं एकच काम. मान झटकलेल्या माणसांत ही जोडी फिसकटते: डोकं मागे कमी जातं आणि तोंडही कमी उघडतं. खात्री करायची असेल, तर हनुवटी छातीला टेकवून ‘आ’ म्हणून बघा. मी मुलांना करायला लावलं. तेरा जणांनी हनुवटी दाबून कोंडलेला ‘आ’ काढला आणि वर्गभर हशा पिकला. मग मोकळ्या मानेने एक लांब ‘आऽऽ’. पळसावरचे पोपट उडाले.

त्या मोकळ्या ‘आ’साठी मी पाच महिने थांबले होते. माझा जबडा अपघातात दुखलाच नव्हता. तो ऑगस्ट २०२३मध्ये, आठव्या महिन्यात, जांभई देताना अडकला. त्याआधी उजवी दाढ दुखायची म्हणून एका दवाखान्यात तिची मुळं साफ करून वर टोपी बसवून घेतली होती. दाढ मुळात चांगली होती. मग कान दुखायला लागला, कानातही काही निघालं नाही. शेवटी नागपूरच्या एका दंतवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, “खर्रा खाता का?” मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. आमच्या भागात तोंड उघडेनासं झालं, की आधी खर्राच आठवावा लागतो. खर्र्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर चामड्यासारखं होत जातं, पांढरं पडतं, तिखट झोंबतं, आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. त्यांनी गाल आतून चाचपले, अस्तर मऊ होतं. मग कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला लावलं. हनुवटी मध्येच उजवीकडे गेली, ‘टक्’ झालं, पुन्हा मध्यावर आली. सांध्यातली गादी पुढे सरकली होती. त्यांनी विचारलं, “कधी मानेला मार?” आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी दोन गोष्टी जोडल्या.

उमिओमधलाच २००७ सालचा एक अभ्यास त्यांनी सांगितला. मागून धडक बसलेल्यांची वर्षभराने तपासणी केली, तर ३४ टक्क्यांना जबड्याच्या सांध्याची नवी तक्रार सुरू झाली होती. धडक न बसलेल्यांत ७ टक्क्यांना. उशिरा येते म्हणून ती अपघाताच्या खात्यावर कुणी लिहीत नाही. आणि दाढ का दुखली? चेहऱ्याची संवेदना आणणारी नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मेंदूच्या खाली एकाच ठिकाणी उतरतात. दोन वावरांचं पाणी एका नाल्यात यावं आणि माती कोणत्या वावराची, ते खालून कळू नये, तसं मेंदूचं होतं. बिघाड मानेत आणि कळ दाढेत, कानात, कानशिलात.

दीडला खिचडी. या जेवणाची मला मुलांइतकीच ओढ असते. चावावं लागत नाही.

दुपारची वेळ माझी वाईट. वह्या तपासायला मी टेबलावर दोन पेट्या रचून त्यावर वही ठेवते, म्हणजे मान खाली जात नाही. ओरडून शांत करायचं सोडलं. पत्र्याच्या डब्यावर दोन टिचक्या मारते आणि मुलांना ते पुरतं. पण अडीचनंतर मोबाइलवर माहिती भरायची असते, नेटवर्क येतं-जातं, आणि नकळत माझे दात एकमेकांवर दाबले जातात. खाणं-गिळणं सोडलं, तर दिवसभर वरचे-खालचे दात टेकायलाच नकोत, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. फळ्याच्या कडेला मी खडूने लिहून ठेवलंय: ओठ मिटलेले, दात सुटे. तिसरीतल्या एका मुलाने ते म्हण समजून पाठ केलंय.

सव्वातीनला डोक्याच्या मागून उजव्या डोळ्यापर्यंत एक रेघ दुखत जाते. पाच मिनिटं भिंतीला पाठ लावून उभी राहते, हनुवटी मागे, खांदे खाली. मुलं चित्र काढतात.

पाचला शाळा सुटली, पण मी थांबले. वेचणीची वेळ आहे. मुलांच्या आया मेटाडोरने परत येतात आणि पोडाच्या तोंडाशी उतरतात. मागच्या मोकळ्या भागात वीस-पंचवीस बाया, बसायला कापसाची गाठोडी, धरायला काही नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६९पासून नव्या मोटारींत डोक्यामागे आधार सक्तीचा झाला. या बायांच्या डोक्यामागे एकमेकींची डोकी असतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गेल्या आठवड्यात म्हणाली होती, “मॅडम, तुमी मान नाई फिरवत, आख्ख्या फिरता. माहंबी तसंच झालं.” आज तिला बसवलं. मागच्या वेचणीत मेटाडोरला मागून ठोकर बसली, ती उसळून पडता पडता वाचली. “तवा काई नाई झालं. आता कान दुखते. भाकर चावता नाई येत. म्हातारी म्हनते, खर्रा सोड. म्या त कधी खाल्लाच नाई.”

मी डॉक्टर नाही आणि तिला ते आधीच सांगितलं. हाताला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, गिळताना अडकतं का, हे विचारलं. यातलं एकही असतं, तर तिला आजच दवाखान्यात पाठवलं असतं. नव्हतं. मग तिच्या कानापुढे तिचंच बोट ठेवायला लावलं, तोंड उघडायला सांगितलं. ती दचकली. “हे टकटक करते!” शाळेच्या छोट्या आरशात हनुवटी सरळ खाली नेऊन दाखवली, जीभ टाळूला लावून. जांभई आली की मूठ हनुवटीखाली. डोक्यावर गुंड घेणं काही दिवस बंद, पण मान गुंडाळून बसायचं नाही. आणि ‘आपलं काहीतरी तुटलंय’ हे मनातून काढायचं. धडकेनंतर सुमारे निम्म्या लोकांना वर्षानंतरही मानेची काहीतरी तक्रार असते, पण असणं आणि वाढत जाणं वेगळं.

यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला ठामपणे बोलायचंय. ऑस्ट्रेलियात मान दुखत राहिलेल्या १७२ जणांवर एक प्रयोग झाला, २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. अर्ध्यांना बारा आठवड्यांत व्यायामतज्ज्ञाकडे वीस फेऱ्या. अर्ध्यांना एकदाच, अर्धा तास, नीट समजावून सांगणं आणि हवं तर फोन. वर्षाअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमच्या झरी तालुक्यातल्या बाईला वीस फेऱ्या परवडणार नाहीत, तितकी मजुरी ती बुडवू शकत नाही. पण अर्धा तास? तो देणं आपल्याला शक्य आहे. आशाताई देऊ शकतात, नर्सबाई देऊ शकतात. आज तो कुणी देत नाही, कारण रक्त नसलं की दुखापत धरतच नाहीत.

मुलीच्या वहीचं मधलं पान काढून मी लिहिलं: ठोकर कधी, कुठे, गाडीत ती कुठे बसली होती, मान कधीपासून दुखते, कान कधीपासून. असा कागद माझ्याकडे नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६खाली भरपाई मागायला १ एप्रिल २०२२पासून अपघातानंतर सहाच महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. माझा जबडा आठव्या महिन्यात बोलला. तिचा तर दहाव्या. कायदा करणाऱ्यांनी मोडलेलं हाड डोळ्यापुढे ठेवलं असावं. ते त्याच दिवशी दिसतं.

“हे पान दवाखान्यात दाखव,” मी म्हटलं. “सांग, आधी मान, मग कान.” तिने मनातल्या मनात दोनदा म्हटलं.

सात वाजता घरी. परतताना अंधार झाला होता, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि मान आखडते, म्हणून सावकाश आले. सासूबाईंनी पानात मऊ भात वाढला. यजमान म्हणाले, “आवाज बसलाय तुझा. आज ‘आ’ होता का?” त्यांना अक्षरांचं वेळापत्रक पाठ झालंय.

साडेनऊला पुन्हा गरम पंचा. जुन्या सुती लुगड्याची गुंडाळी मानेखाली, कुशीवर झोपताना खांदा आणि डोकं यांमधली उंची भरून निघेल इतकी. पोटावर झोपायचं नाही. दिवा मालवण्याआधी तीन बोटं पुन्हा बघितली. अडीच. ‘आ’च्या दिवशी इतकं होतंच. उद्या ‘इ’ आहे, तोंड फार उघडावं लागत नाही.